मुशीचं विच्छेदन: आधी काय कापायचं, काय राखायचं आणि नेमकं कुठे बिघडतं

प्रश्न असा आहे: मत्स्यविज्ञानाच्या वर्गाला मुशीची, म्हणजे या लहान शार्कची, अंतर्रचना दाखवायची आहे. विद्यार्थी आठ, प्रात्यक्षिकं तीन-तीन तासांची दोन, मधे आठवड्याचं अंतर. मागच्या खेपेला ॲफरंट धमन्या (हृदयाकडून कल्ल्यांकडे रक्त नेणाऱ्या) दिसायच्या आत तुटल्या आणि मेंदूचा लगदा झाला. कोणत्या क्रमाने जावं?

दोन्ही अपयशांचं मूळ एकच आहे. मुशीचा सांगाडा कूर्चेचा, सुरी लोण्यात शिरावी तशी शिरते. हाडाच्या माशात हाड सुरीला अडवतं, इथे अडवणारं काही नाही. म्हणून मुशीत कापायचं कमी आणि खरवडायचं जास्त. दुसरी गोष्ट, एका मुशीवर सगळं दिसत नाही. एक भाग उघडताना दुसरा बळी जातो, तेव्हा कोणता भाग कोणत्या माशावर दाखवायचा हे ट्रेमध्ये मासा ठेवायच्या आधी ठरलेलं हवं.

हत्यारांआधी नियमांचं बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१४ मध्ये त्या आणखी कडक केल्या. पुढचं सगळं बाजारात खाण्यासाठी आलेल्या, आधीच मेलेल्या मुशीपुरतं आहे, आणि त्यासाठीही संस्थेच्या विच्छेदन देखरेख समितीची लेखी मंजुरी फाइलला लावून ठेवा. मासा विकत घेताना ओळख पक्की करा, कारण शार्कच्या काही जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि ही यादी वेळोवेळी वाढली आहे. मुशीचं अख्खं कुळ, कार्कॅरिनिडी, २०२२ च्या पनामा परिषदेत साइट्सच्या, म्हणजे वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये गेलं. तो निर्णय देशाबाहेरच्या व्यापाराचा आहे, पण परदेशातल्या सहकाऱ्याला नमुना पाठवायचा विचार असेल तर आधी परवान्याचं बघावं लागेल.

आपली मुशी म्हणजे स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. जुन्या जर्नलमध्ये हीच स्कोलिओडॉन सोराकोवा नावाने सापडते. मालवणकडे आणि गोव्यात मोरी म्हणतात, पण मुशी काय किंवा मोरी काय, कोळणीच्या टोपलीत या नावाखाली तीन-चार जातींची पिल्लं एकत्र असतात. खूण अशी: थोबाड लांब, चपटं, फावड्यासारखं. पाठीवरचा पहिला पर बराच मागे सरकलेला, इतका की त्याचं मागचं टोक पोटाखालच्या परांच्या वर येतं. छातीचे पर आखूड आणि त्रिकोणी. पहिला पर पुढे, छातीच्या परांच्या जवळ असेल तर ती दुसरी जात. डोक्याला हातोड्यासारखी पाखं असतील तर ती कितीही लहान असली तरी घेऊ नका.

लांबी ३५ ते ४५ सेंटिमीटरची घ्या. त्याहून लहान माशात चेता केसासारख्या होतात, मोठा मासा नेहमीच्या ट्रेमध्ये मावत नाही. आठ जणांना चार मुश्या पुरतात, दोन नर आणि दोन माद्या. नराला पोटाखालच्या परांच्या आतल्या कडेला दोन दांडे असतात, त्यांना क्लास्पर म्हणतात. ते दिसले की नर. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून सत्र जूनला सुरू होत असेल तर मासे मे महिन्यातच आणून फॉर्मलिनमध्ये घालून ठेवा.

ताजेपणा पाहताना डोळ्यावर फार विसंबू नका, नाकावर विसंबा. मुशीच्या रक्तात आणि स्नायूंत युरिया भरपूर असतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शरीरातलं पाणी टिकवायची ही तिची युक्ती. मासा मेला की जिवाणू त्याच युरियाचा अमोनिया करतात. किंचित वास आला तर चालेल. डोळे चुरचुरण्याइतका आला तर आतडं आणि स्वादुपिंड विरघळायला लागलंय असं समजा. बर्फातून आणा, पण डीप फ्रीझरमध्ये ठेवू नका, निदान ज्या माशाचा मेंदू बघायचा आहे तो तरी नाहीच. घरगुती फ्रीझर सावकाश गोठवतो, पेशींत बर्फाचे स्फटिक होतात आणि वितळल्यावर मेंदू पिठल्यासारखा हातात येतो. मागच्या खेपेला मासे गोठवलेले होते का, हे आठवून पाहा. असतील तर निम्मं उत्तर तिथेच आहे.

आता वाटणी. चारपैकी दोन मुश्या, एक नर आणि एक मादी, पहिल्या दिवशी ताज्याच वापरा: बाह्यरचना, पोट, हृदय, ॲफरंट धमन्या. उरलेल्या दोघींची डोकी छातीच्या पट्ट्यासकट कापून त्याच दिवशी फॉर्मलिनमध्ये घाला, ती पुढच्या आठवड्याच्या मेंदू आणि चेतांसाठी. त्यांची धडं पोटाच्या सरावाला वापरता येतात. इफरंट धमन्यांसाठी (कल्ल्यांकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या) पहिल्या जोडीचीच डोकी लागतील, त्याचं पुढे सांगतो.

फॉर्मलिन १० टक्के म्हणजे बाजारचं फॉर्मलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. बाटलीतलं फॉर्मलिन मुळात ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं असतं, त्यामुळे तयार द्रावणात ते साधारण चारच टक्के उरतं. या दोन आकड्यांचा घोळ होऊन कोणी दहा पट कडक द्रावण करतं, कोणी पाणीच ओततं. मुशीची कातडी फॉर्मलिन सहजी आत घेत नाही. डोकं नुसतं बुडवलं तर आठवड्याने वरून टणक आणि आत मेंदू कुजलेला, हा नेहमीचा प्रकार. म्हणून बुडवण्याआधी दोन्ही डोळ्यांच्या मधे, कवटीच्या छतावरून नखाएवढी एकच चकती उडवा. मेंदूला हात लावायचा नाही, फक्त खिडकी पाडायची. निदान ४८ तास ठेवा, आठवडा मिळाला तर उत्तमच. प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री डोकी साध्या पाण्यात घाला, पाणी दोनदा बदला. तरी खिडक्या उघड्या आणि पंखा चालू हवा, नायट्राइलचे हातमोजे हवेत. फॉर्मलिनने डोळ्यांतून पाणी यायला लागलं की विद्यार्थी घाई करतात, आणि चेता बहुतेक या घाईतच तुटतात.

ट्रे निदान ४५ सेंटिमीटर लांबीचा, मेणाचा. स्काल्पेलची पाती प्रत्येकी दोन: एक कातडीसाठी, एक मेंदूसाठी. मुशीच्या कातडीत दातांसारखेच बनलेले प्लॅकॉइड खवले असतात, चारपाच छेदांत पातं बोथट होतं. त्याच पात्याने कवटी तासायला गेलात तर जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की पातं निसटून आत जातं. याखेरीज एक बोथट टोकाची आणि एक बारीक कात्री, दोन चिमटे, बोथट सुई, मऊ ब्रश, टाचण्या आणि काळ्या कागदाच्या पट्ट्या एवढं हवं. पट्ट्यांचं काम पुढे येईल.

बाह्यरचनेला वीस मिनिटं पुरे. हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवला तर कातडी गुळगुळीत, उलटा फिरवला तर कानशीसारखी. हे एकदा सगळ्यांना करू द्या, पण उलटं जोरात नको, बोटं सोलतात. थोबाडावरची टाचणीने टोचल्यासारखी भोकं म्हणजे लोरेंझिनीच्या कुप्यांची तोंडं. स्टेफानो लोरेंझिनीने १६७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्यांनी वीजक्षेत्र कळतं हे विसाव्या शतकात उलगडलं. थोबाड दाबलं की भोकांतून पारदर्शक जेली बाहेर येते. पाच कल्लाफटी मोजून घ्या, त्यांतल्या मागच्या फटी छातीच्या पराच्या मुळावर येतात.

इथे एक इशारा द्यायला हवा. विद्यार्थी आदल्या रात्री जे व्हिडिओ पाहून येतात ते बहुतेक अमेरिकन वर्गांतले, स्क्वालस अकँथियस या डॉगफिशचे असतात. त्या माशाला डोळ्यामागे श्वासरंध्र असतं, आपल्या मुशीला नसतं. त्याच्या पाठीच्या परांपुढे काटे असतात, मुशीला नाहीत. मुशीला गुदपर असतो, त्याला नसतो. आतड्यातली झडपही वेगळी आणि पिल्लांचं पोषणही वेगळं. हा फरक फळ्यावर लिहून ठेवला नाही तर अर्धा तास नसलेलं श्वासरंध्र शोधण्यात जातो.

पोट उघडायला मासा उताणा ठेवा आणि परांतून टाचण्या मारा. अवस्कराच्या (मल, मूत्र आणि जनन यांच्या एकाच द्वाराच्या) थोडं पुढे, मध्यरेषेच्या जरा डावीकडे कातडी चिमट्याने उचलून लहानसा छेद घ्या. मग बोथट कात्रीचं टोक आत घालून, वर उचलून धरत पुढे कापत चला. कातडी आतून बाहेर कापली की कात्रीही कमी बोथट होते. छातीच्या पट्ट्याची कूर्चा कात्रीला लागली की थांबा. तिच्या पलीकडे हृदय आहे, ते नंतर. आणखी एक बोट पुढे गेलात तर सायनस व्हिनोससला (हृदयाच्या मागच्या, शिरांचं रक्त घेणाऱ्या पिशवीला) भोक पडतं, रक्त पोटात उतरतं आणि उरलेला वेळ पुसण्यात जातो. छातीच्या परांमागे आणि पोटाच्या परांपुढे दोन आडवे छेद घेऊन पाळ्या बाजूला टाचा.

आधी दिसतं ते यकृत. दोन लांब पाळ्या, पिवळसर, तेलकट; उरलेलं सगळं त्यांच्याखाली दडलेलं. पाळ्या कापून काढाव्यातच, पण पुढचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा राखा. हिरवट पित्ताशय तिथे रुतलेलं असतं आणि तिथूनच पित्तनलिका आतड्याकडे निघते. तेल ट्रेभर पसरलं की सगळं निसरडं होतं, म्हणून पाळ्या काढल्या काढल्या पाणी ओतून ट्रे धुवा.

जठर इंग्रजी जे अक्षरासारखं. रुंद लांब हात खाली येतो, तळाशी लहानशी आंधळी पिशवी, तिथून अरुंद आखूड हात वर वळतो. प्लीहा जठराच्या कडेला चिकटलेली, गडद. स्वादुपिंड दोन हातांच्या मधल्या पडद्यात, फिकट पांढरट. चरबी समजून खरवडलं जातं, इकडे लक्ष ठेवा. जठर उभं चिरून आत काय आहे ते पाहाच. जवळा, करंदी, बारीक मासळी निघते आणि आहाराचा धडा तिथल्या तिथे होतो.

आतडं चिरताना मात्र सरळ मधोमध कात्री चालवू नका. मुशीची झडप गुंडाळीची असते: कागद सुरळी करून नळीत घालावा, तशी एक लांब घडी आत वळलेली. स्क्वालसमध्ये तीच जिन्यासारखी चक्राकार. गुंडाळी मधोमध कापली तर हातात नुसती चिंधी येते. बाहेरून रक्तवाहिनीची रेघ दिसते, घडी तिथे भिंतीला जोडलेली. त्या रेघेच्या समोरच्या बाजूने फक्त बाहेरची भिंत उभी कापा, आतडं पाण्यात धरा आणि गुंडाळी ब्रशने हलकेच उलगडा. शक्य असेल तर दुसऱ्या माशाच्या आतड्याचा आडवा काप घ्या. सुरळीची वलयं एका नजरेत दिसतात, आणि लांबीने आखूड असलेलं आतडं पचलेलं अन्न शोषायला पुरेसं कसं पडतं हे समजावावं लागत नाही.

आतड्याच्या मागच्या टोकाला, पाठीच्या बाजूला, करंगळीच्या पेराएवढी तांबूस ग्रंथी लटकते. ही गुदग्रंथी. विद्यार्थी तिला आंत्रपुच्छ म्हणून नाव देतात. तिचं काम मीठ बाहेर टाकण्याचं. ते १९६० मध्ये बर्गर आणि हेस यांनी स्क्वालसवर दाखवून दिलं. युरियाचं सांगितलं असेल तर ही ग्रंथी त्याच दमात दाखवा, कारण दोन्ही एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत.

पचनसंस्था बाहेर काढायची तेव्हा अन्ननलिका जठराच्या वर आणि गुदाशय ग्रंथीच्या मागे कापा, ओढून काढू नका. ओढली की मागची जननवाहिनी सोबत येते. मूत्रपिंडं पाठीला चिकटलेली, पातळ पडद्यामागे. पडदा नखाने फाडल्याशिवाय दिसत नाहीत. नरामध्ये वृषणांपासून नागमोडी शुक्रवाहिनी खाली जाते, शेवटी रुंद होते. मादीत दोन्ही अंडवाहिन्यांचं सामाईक तोंड यकृताच्या पुढे, मध्यरेषेच्या पडद्यात असतं. यकृत काढताना ते हमखास कापलं जातं, म्हणून मादीवर काम करणाऱ्याने यकृत काढण्याआधी ते शोधून टाचणीने खूण करावी. अवस्कराशी जाण्यासाठी पोटाच्या परांमधला कूर्चेचा आडवा दांडा मध्यरेषेच्या किंचित बाजूला कापा.

मादी गाभण असेल तर बेत बदला. गर्भाशयात बोटभर पिल्लं ओळीने असतात, प्रत्येकाची नाळ भिंतीला जोडलेली आणि नाळेवर पिसांसारखे धागे. मुशीचं अंडं शार्कांत अगदी लहान, जेमतेम मिलिमीटरभर, पिवळा बलक जवळपास नाहीच. वाढ जवळजवळ सगळी आईच्या रक्तावर. गर्भाशय एकाच बाजूला उभा चिरा, एक पिल्लू नाळेसकट जागेवर राहू द्या, बाकीची पाच टक्के फॉर्मलिनमध्ये. मादी पुन्हा अशी मिळेल याची खात्री नाही, म्हणून त्या दिवशी ॲफरंट धमन्या नरावरच करा.

आता तुमच्या पहिल्या दुखण्याकडे. खालच्या जबड्यापासून छातीच्या पट्ट्यापर्यंत कातडी मधोमध चिरून दोन्ही बाजूंना कल्लाफटींपर्यंत सोलून घ्या. खाली लांबट स्नायूंचे थर आहेत. वरचा थर जबड्याकडे जातो. तो मागच्या टोकाला कापून पुढे उलटा. त्याच्या खालच्या स्नायूंपासून पुढे सुरी ठेवून द्या. दोन चिमटे घ्या आणि स्नायू धाग्यांच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे, थोडा थोडा सोडवा. आडवं काही कापलं की धमनी गेली, कारण धमन्या मध्यरेषेतून बाहेर तिरप्या जातात आणि स्नायूंच्या पट्ट्या त्यांच्या मधूनमधून घुसलेल्या असतात. मागच्या खेपेला तुटल्या त्या बहुधा इथेच.

सुरुवात हृदयापासून करा. पुष्कळजण पुढून, जबड्याकडून शोधत येतात आणि फसतात. छातीच्या पट्ट्याचा मधला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर तुकडा कात्रीने काढा, खाली हृदयावरण आहे. ते उघडलं की जाड, तांबूस जवनिका समोर; तिच्या दोन्ही बाजूंनी डोकावणारी पातळ गडद पिशवी म्हणजे कर्णिका, एकच असते. जवनिका हलकेच पुढे उचलली की मागे त्रिकोणी सायनस व्हिनोसस. जवनिकेतून पुढे निघणारी नळी कोनस आर्टेरिओसस, आणि तीच पुढे व्हेंट्रल एओर्टा, म्हणजे पोटाकडची महाधमनी. ही खात्रीची दोरी हातात आली की तिच्या कडेने पुढे सरका.

एओर्टातून मागून पुढे जाताना पाचवी, चौथी आणि तिसरी ॲफरंट जोडी थेट निघते. अगदी पुढे एओर्टाचे दोन फाटे होतात आणि प्रत्येक फाट्यातून पहिली आणि दुसरी. त्या फाट्यापाशी थायरॉइड ग्रंथी आहे, दिसली की समजा टोक आलं. एकाच बाजूच्या धमन्या कल्ल्याच्या कमानीत शिरेपर्यंत सोडवा, दुसऱ्या बाजूच्या मुळापुरत्याच. रक्ताने भरलेल्या असतील तर गडद दिसतात. रिकाम्या झाल्या की पांढरट होऊन स्नायूबंधासारख्या दिसतात आणि त्याच कापल्या जातात. शंका आली की बोथट सुईने दाबून पाहा: धमनी चपटी होते, बंध होत नाही. मोकळ्या झालेल्या धमन्यांखालून काळ्या कागदाची पट्टी सरकवा. आकृती काढायला सोपं जातं आणि कुठे अजून स्नायू लागलेला आहे तेही उठून दिसतं.

रंग भरायचा असेल तर शेपूट कापल्यावर मणक्याच्या खालच्या बोगद्यात दोन भोकं दिसतात. वरची धमनी, खालची शीर. वरच्या भोकात बोथट सुईची सिरिंज बसवून, मक्याच्या पिठात पोस्टर कलर कालवून ताकाइतपत पातळ केलेलं मिश्रण सावकाश भरा. त्याने डॉर्सल एओर्टा (पाठीकडची महाधमनी) आणि तिच्या फांद्या रंगतात. ॲफरंट धमन्यांना याचा उपयोग नाही, कल्ल्यांच्या केशवाहिन्यांतून पीठ पलीकडे जात नाही. त्यांच्यासाठी कोनसमधूनच भरावं लागतं.

इफरंट धमन्या याच डोक्यावर, दुसऱ्या टोकाकडून. डाव्या बाजूचा तोंडाचा कोपरा कात्रीने कापत पाचही कल्लाफटींच्या मधून छातीच्या पट्ट्यापर्यंत जा आणि तोंडाचा तळ उजवीकडे झाकणासारखा उलटा करा. टाळूवरची त्वचा पातळ सोलली की मध्यरेषेत डॉर्सल एओर्टा आणि तिला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या चार-चार वाहिन्या. प्रत्येक बाजूला कल्ल्यांतून नऊ इफरंट निघतात: पहिल्या चार फटींभोवती पुरी कडी, पाचवीला फक्त पुढची. हा आकडा परीक्षेत विचारला जातो, म्हणून मोजूनच दाखवा. या कापाने मेंदूतून निघणाऱ्या चेतांपैकी डाव्या बाजूच्या सातव्या, नवव्या आणि दहाव्या चेतांचा निकाल लागतो. त्याच कारणाने चेतांची डोकी वेगळी ठेवायला सांगितली.

दुसऱ्या आठवड्याचा अख्खा दिवस डोक्याला द्या. आधी डोळ्यांमधली आणि मागची कातडी सोला, कवटीच्या मागचे स्नायू खरवडून काढा. मग नवं पातं. ते जवळजवळ आडवं धरा, साल काढावी तशा पातळ चकत्या उडवा, पात्याचं टोक कधीही खाली नको. कूर्चा पातळ होत गेली की अर्धपारदर्शक होते आणि आतला पांढरा मेंदू धूसर दिसायला लागतो. तिथे सुरी खाली ठेवा. छत आणि मेंदू यांच्यामधे थोडी पोकळी असते, ती तुमची मुभा आहे. चिमट्याच्या एका टोकाने छताला भोक पाडून कूर्चेचे तुकडे बाहेरच्या दिशेने मोडून काढा. मागच्या कोपऱ्यांत दोन्हीकडे कानाच्या कोष्ठकांची कूर्चा जाड आहे. एकीकडची काढा, दुसरीकडची अर्धवर्तुळ नलिकांसाठी राखा.

पुढून पाहिलं तर गंधपिंडं मोठी, देठावर. मग प्रमस्तिष्क, दृक्पिंडं, त्यांच्यावर झुकलेला अनुमस्तिष्क, शेवटी लंबमज्जा. ब्रशने पाणी सोडत स्वच्छ करा, कापसाने पुसू नका. कापसाचे धागे चेतांना अडकतात आणि चौथी चेता तेवढ्यावर जाते.

ही चौथी चेता सगळ्यांना छळते. दृक्पिंडं आणि अनुमस्तिष्क यांच्या खाचेतून वरच्या बाजूने निघते, धाग्याहून बारीक. मेंदूकडून शोधू नका. डोळ्याची वरची पापणी आणि कातडी काढून खोबणीत पाहा: पुढच्या भिंतीतून दोन तिरपे स्नायू निघतात, मागून चार सरळ. वरचा तिरपा स्नायू सापडला की त्याला टोचलेला पांढरा धागा हीच चौथी, तो धरून उलट मेंदूकडे जा. तोच नियम इतरांना: बाहेरच्या सरळ स्नायूला सहावी, उरलेल्या चारही स्नायूंना तिसरी. खोबणीच्या वरची कूर्चेची कड कापताना मात्र जपा, पाचव्या आणि सातव्या चेतेच्या वरच्या शाखा तिच्या अगदी खालून थोबाडाकडे जातात. पाचवी, सातवी आणि आठवी यांची मुळं लंबमज्जेच्या कडेला एकमेकांत गुंतलेली असतात. ती सुटी करण्याच्या नादाला लागू नये. शाखा नीट दिसल्या की मुळांचा गुच्छ तसाच राहू द्यावा.

नवव्या आणि दहाव्यासाठी कल्लाफटींच्या वर, पाठीचा स्नायू जिथे संपतो तिथे पुढून मागे उथळ छेद घ्या. लांबट रिकामी पोकळी उघडेल, तो अँटीरिअर कार्डिनल सायनस. त्याच्या तळाशीच दहावी चेता पसरलेली आणि फटींकडे जाणाऱ्या तिच्या शाखा. यात स्नायू कापावाच लागत नाही, जागा निसर्गानेच मोकळी करून ठेवलेली. नववी पहिल्या फटीकडे जाते, दहावी उरलेल्या चारांकडे, आणि दहावीच्या दोन फांद्या पुढे पार्श्वरेषेला आणि आतड्याला जातात.

वेळ उरलाच तर खवल्यांची स्लाइड. कातडीचा बोटाच्या नखाएवढा तुकडा १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाच-सात मिनिटं उकळा, मऊ भाग सुटला की दोनदा पाण्याने धुवा, ग्लिसरिनमध्ये माउंट करा. उकळताना परीक्षानळीचं तोंड कोणाच्या चेहऱ्याकडे नको, हे द्रावण उसळतं.

आवराआवरीत एक फरक सांभाळा. ताज्या माशांचे अवशेष पिशवीत बांधून पुरता येतात. फॉर्मलिनमधले मात्र कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागता कामा नयेत, आणि वापरलेलं फॉर्मलिन सिंकमध्ये न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये साठवून संस्थेच्या रासायनिक कचऱ्याबरोबर द्यायचं. ट्रे आधी थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने रक्त आणि चिकटा पक्का बसतो. हाताचा वास साबणाने जाणार नाही. अमोनिया आणि त्याची भावंडं अल्कधर्मी आहेत, त्यांना आम्लच लागतं: आधी लिंबाची फोड, व्हिनेगर किंवा कोकमाचं आगळ चोळा, मग साबण.